‘परत मिळविणे’ची पंचमी

“शास्त्रीबुवा, ‘अथक प्रयत्नांनी’ याच्यापुढं स्वल्पविराम द्यायचा की कसं?”

तात्यासाहेब विचारे यांनी हा प्रश्न मला विचारला, तेव्हा सोनवळच्या वाघजाई मंदिराच्या सभामंडपात देवस्थान समितीची सभा भरली होती. चुन्याच्या डबीपासून चष्म्यापर्यंत सर्व आवश्यक साहित्य पुढ्यात मांडून सभासद एका वाक्याकडे पाहत बसले होते. ते वाक्य संगमरवरावर कोरायचे होते. मला बोलावले होते ते शुद्धलेखनासाठी. तालुक्याच्या शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या मनुष्याचा गावाला दोनच प्रसंगी उपयोग होतो: लग्नपत्रिका छापताना आणि दगड कोरताना.

पोस्टमास्तर मांडवकर हे समितीचे चिटणीस. त्यांनी खाकरून वाक्य पुन्हा वाचले.

“श्री देवी वाघजाईचे रौप्य रूप देवस्थानचे अध्यक्ष श्री. तात्यासाहेब विचारे यांनी अथक प्रयत्नांनी परत मिळविले.”

“स्वल्पविराम नको,” मी म्हणालो. “प्रयत्न अथक आहेत ना? मग मध्येच थांबायचं कशाला?”

तात्यासाहेब प्रसन्न झाले. ज्याला उपहास कळत नाही त्याच्याइतका सुखी जीव या भूतलावर दुसरा नसावा. मोक्षाच्या पुष्कळ व्याख्या मी वाचल्या आहेत, पण ही वाट एकाही आचार्याने सांगितलेली नाही.

रूप म्हणजे देवीचा चांदीचा मुखवटा. आमच्या भागात शिमग्याला पालखीत मूर्ती बसत नाही, रूपे बसतात. सोनवळची रूपे पाच, त्यांत मधले वाघजाईचे. पालखी घरोघर फिरते आणि तिचा शेवटचा मुक्काम गावच्या पहिल्या मानकऱ्याकडे, म्हणजे विचाऱ्यांच्या घरी असतो. तिथे घरच्या बायका रूपांना चिंच लावून ती धुतात, पुसतात, एका गाठोड्यात बांधतात. ते गाठोडे गुरव डोक्यावर घेऊन देवळात आणतो आणि पेटाऱ्यात ठेवतो. पेटारा उघडतो तो पुढल्या शिमग्यालाच.

या साध्या व्यवहारात एक नाजूक रीत आहे. मानकऱ्याच्या घरून मिळालेले गाठोडे गुरवाने सोडून पाहायचे नाही. पाहिले तर मानकऱ्यावर अविश्वास दाखवल्यासारखे होते. अशा रीती ज्यांनी घातल्या ते पूर्वज थोरच होते. फक्त ते मानकरी होते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

या सभेच्या आधी दोन वर्षे, शिमग्याला पेटारा उघडला तेव्हा रूपे चारच निघाली. मधले नव्हते. गाठोडे वाहून आणणारा धाकू गुरव, पेटाऱ्याची किल्ली धाकू गुरवाच्या कमरेला. गावाने फार विचार केला नाही, आणि जो केला तो विचाऱ्यांनी केला. गावाची अब्रू जाऊ नये म्हणून पोलिसांत कळवायचे नाही, असे औदार्याने ठरले. म्हणजे धाकूची चौकशी झाली नाही आणि शिक्षा तेवढी झाली. त्याच्याकडून किल्ली काढून घेतली. देवीपुढे गाऱ्हाणे घालण्याचा जो मान त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता, तो शेजारच्या गावातून आणलेल्या एका गुरवाला दिला. धाकू आपल्या दारातून देवळाचा कळस पाहून हात जोडी आणि कामाला लागे.

आणि मग सभेच्या वर्षीच्या वैशाखात विचाऱ्यांच्या घराची कौले परतायला काढली. माळ्यावर चढलेल्या गड्याला एक मोठे पितळी पातेले अडचण करू लागले. ते खाली उतरवताना आत काहीतरी खडखडले. वाळलेल्या चिंचेच्या कोळात माखलेली, काळी पडलेली वाघजाई पातेल्याच्या तळाशी शांतपणे बसली होती. धुतल्यावर गाठोड्यात बांधायची राहिली होती, इतकेच. देवी कौल देते हे आम्ही सर्वच मानतो. तिने तो कौलांखालून दिला.

तात्यासाहेबांचे अथक प्रयत्न ते हे. त्या वेळी ते ओटीवर आरामखुर्चीत बसून पोहे खात होते.

ही हकीकत दुपारपर्यंत साऱ्या गावाला कळली, आणि संध्याकाळपासून ती कोणालाच ठाऊक नव्हती. आमच्या गावात सत्य सर्वांना माहीत असते. ते उच्चारण्याचा मान कोणाचा, यावर मात्र एकमत होत नाही. रूप ‘परत मिळाले’, ते तात्यासाहेबांनी ‘मिळवले’, कसे मिळवले हे मोठ्या माणसाला विचारू नये, आणि धाकूला समितीने मोठ्या मनाने माफ केले, असे अधिकृतपणे ठरले.

“मग स्वल्पविराम नको,” मांडवकरांनी पेन्सिलीने खूण केली. “बाकी शुद्ध आहे ना?”

“शुद्ध आहे,” मी म्हणालो. “पण क्रियापदाकडे जरा पाहायला हवं. उद्यापर्यंत मुदत द्या.”

“एका शब्दाला एक दिवस?” तात्यासाहेब हसले. “सरकारी नोकरी केलीत तुम्ही, ते दिसतंय.”

सभा हसली. मीही हसलो. अध्यक्षांच्या विनोदाला हसणे हा सभेचा विषय क्रमांक एक असतो. तो कार्यक्रमपत्रिकेवर लिहीत नाहीत.

दुपारी मी पडवीत सुपारी कातरीत बसलो असताना धाकू आला. दोन वर्षांत तो माझ्या दारी आला नव्हता. कोणाच्याच दारी गेला नव्हता. पायरीवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“वर ये की, धाकू.”

“हितंच बरं हाय. शास्त्रीबुवा, दगडावर काय लिवतायत?”

मी वाक्य सांगितले. त्याने ते ऐकले आणि शेवटचा शब्द तोंडात घोळवला.

“परत मिळवलं.”

“हो.”

“म्हंजे माझ्याकडनं.”

“तुझं नाव नाही त्यात.”

“नाव कशाला पायजे? तुमच्या वाक्यात जागा रिकामी हाय न्हवं? गाव बसवील मला तितं.”

सकाळपासून मला जे खटकत होते ते हेच होते. मी त्याला विभक्तीच्या नावाने ओळखत होतो, त्याला ते स्वतःच्या नावाने ऐकू आले, एवढाच फरक.

“गावाला ठाऊक आहे रे, रूप कुठं होतं ते,” मी म्हणालो.

“आज ठावं हाय. बोलनारं मानूस मरतं, त्याच्यासंगट बोलनंबी मरतं. दगड कुटं मरतोय?” त्याने टोपी झटकली. “माझा शंकर उद्या ह्या देवळात दिवा लावनार. रोज सांजचा. त्या दगडाच्या खाली उभा ऱ्हाऊन. बाप चोर व्हता असं लिवलेल्या दगडाखाली दिवा लावायचा त्यानं? त्यापरीस मी त्याला मुंबैला गिरणीत धाडतो. दिवा तात्यासायबांनी लावावा.”

“समितीनं तुला माफ केलं आहे म्हणतात.”

“माफ!” धाकूला हसू आले. “बायको म्हनाली, बरं झालं, माफ केलं. मी म्हनलो, अगं, कायतरी केलं आसतं तर माफी गोड लागली आसती. फुकटची माफी घशाखाली उतरत नाय.”

“मग तुला काय हवं?”

“‘सापडलं’ लिवा. येवढंच. कुटं सापडलं ते नका लिवू. सापडवनाऱ्याचं नाव ऱ्हाऊ दे, मोठ्या अक्षरात ऱ्हाऊ दे. पन सापडलं. हरवलं व्हतं, सापडलं. चोर नाय त्यात कुनी.”

मी प्रयत्न करतो, असे म्हणालो. ‘अथक’ हे विशेषण मात्र मी जपून वापरतो. ते लावले नाही.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे मी जे बोललो ते माझ्या गुरुवर्यांच्या पायाशी बसून शिकलो होतो. ते सांगत, क्रियापद हे घरच्या यजमानिणीसारखे असते. ती पाने मांडते. ‘देणे’ म्हटले की देणारा, घेणारा आणि दिलेली वस्तू अशी तीन पाने मांडली गेली. एखादा पाहुणा वाक्यात आला नाही तरी त्याचे पान मांडलेलेच राहते, आणि मांडलेल्या पानावर कोणी ना कोणी येऊन बसतेच.

“तात्यासाहेब,” मी म्हणालो, “‘परत मिळविणे’ या क्रियापदाला पंचमी लागते.”

“नागपंचमी तर श्रावणात. आपण दगड त्याच्या आधीच बसवतोय.”

“ती पंचमी नव्हे. पंचमी विभक्ती. कोणाकडून? कोठून? आपण म्हणालात, मी छत्री परत मिळवली, तर ऐकणारा विचारील, कोणाकडून? म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या हाती होती. आपलं वाक्य त्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. म्हणून वाचणारा ते आपल्या मनानं देईल.”

“देऊ दे की.”

“आणि तो धाकूचं नाव देईल.”

सभेत शांतता पसरली. तीत सुपारी फोडल्याचा आवाज तेवढा आला. सोनवळच्या सभांमध्ये विवेकाचा आवाज नेहमी असाच असतो.

“मग दुसरा शब्द सुचवा,” मांडवकर हळूच म्हणाले.

“‘सापडले’. स्वच्छ शब्द आहे. त्यात कोणाकडून हा प्रश्नच येत नाही. वस्तू हरवते, वस्तू सापडते.”

“पण ‘सापडले’ म्हटलं की...” मांडवकर बोलता बोलता थांबले. पोस्टात आयुष्य गेलेला मनुष्य. पत्त्याशिवाय काही सापडत नाही हे त्याला अनुभवाने माहीत होते.

“म्हटलं की काय?” तात्यासाहेबांनी विचारले.

“म्हटलं की लोक विचारणार, कुठं सापडलं?”

पुन्हा शांतता. या वेळी सुपारीही नाही.

“म्हणजे पाहा,” मी अत्यंत विनयाने म्हणालो, “‘मिळविले’ला पंचमी लागते, ‘सापडले’ला सप्तमी. एक पंचमी आहे ती धाकूला छळते. एक सप्तमी आहे ती...” आणि मी छताकडे पाहिले. देवळाला माळा नव्हता, पण सर्वांनी माझ्या नजरेबरोबर वर पाहिले.

तात्यासाहेबांचा चेहरा लाल झाला. पण ते मुत्सद्दी होते. पंचायत समितीत दोन निवडणुका जिंकलेला मनुष्य विभक्तीपुढे हार मानत नसतो.

“शास्त्रीबुवा, व्याकरण शाळेत. हे देवस्थान आहे. इथं लोकशाही चालते.” त्यांनी सभेकडे पाहिले. “‘मिळविले’ ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा.”

हात वर झाले. मांडवकरांचा हात प्रथम कानापर्यंत गेला, तिथे त्याने थोडा वेळ कान खाजवला आणि मग तो बहुमतात सामील झाला. क्रियापदाच्या अर्थाचा निर्णय मतदानाने करण्याची ही पद्धत आमच्या प्राचीन वैयाकरणांना सुचली नाही. सुचली असती तर त्यांची तपश्चर्या पुष्कळ वाचली असती.

“आणि तुम्ही त्याच्यावर संस्कृत श्लोक एखादा द्या,” तात्यासाहेब जाता जाता म्हणाले. “चार ओळींचा. वर शोभेल.”

“श्लोकातही क्रियापद असतं,” मी म्हणालो. “ते आपण मतदानानं ठरवलंत की मी बाकीचं जुळवीन.”

श्लोक कोरला गेला नाही.

धाकूला मी काय सांगणार? त्याच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. तो गवत बांधत होता. माझ्या तोंडाकडे पाहूनच त्याला निकाल कळला. “बरं,” म्हणाला, आणि पेंढीला गाठ मारली. मग जरा वेळाने, “शंकरच्या मुंबैच्या मामाला चिठ्ठी लिवतो,” असे म्हणाला. मला ‘थांब’ म्हणण्याचाही अधिकार वाटेना.

संगमरवर आला, पश्चिमेच्या भिंतीत बसला, त्यावर भगवा पडदा लागला. पेटाऱ्यात परत ठेवण्याआधी रूप देवीच्या शेजारी बसवायचे, गाऱ्हाणे घालायचे, मग तात्यासाहेबांच्या हस्ते नारळ आणि पडदा, असा कार्यक्रम ठरला. आणि इथे देवीने, की शेजारगावच्या गुरवाने, एक अडथळा उभा केला.

“हरवलेलं रूप पुन्हा लावायचं,” तो गुरव म्हणाला, “तर कौल घेतल्याबिगर मी हात लावनार नाय. उद्या कायतरी झालं तर मला धरायचे.”

कौल म्हणजे देवीच्या मूर्तीवर ओल्या कळ्या चिकटवून प्रश्न विचारणे. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सर्व मानकऱ्यांसमक्ष त्याने विचारले, “देवी, हे रूप माझ्या हातनं लागावं काय?” डावी पडली. पुन्हा विचारले. पुन्हा डावी. तात्यासाहेबांनी कळ्या बदलायला सांगितल्या. नव्या कळ्यांचेही मत तेच पडले. देवीच्या दरबारात हात वर करून मतदान घेण्याची सोय नसल्यामुळे समितीची अडचण झाली.

“मग कोनाच्या हातनं? मूळ गुरवाच्या?” गुरवाने विचारले, आणि उजवी कळी टपकन खाली आली. तिचा देठ आधीच जरा सैल असेल, असे मांडवकर मागाहून माझ्या कानात म्हणाले. असेलही. मी नास्तिक नाही. देवी देठ सैल करू शकत नाही असे मी म्हणणार नाही.

तात्यासाहेबांनी धाकूला निरोप धाडला, ‘तुला माफ केलेलेच आहे. तेव्हा येऊन रूप लाव आणि गाऱ्हाणे घाल. नवे धोतर देवस्थानकडून.’

धाकू आला. धोतर त्याने स्वतःचेच नेसले होते, जुने, पण धुतलेले. शंकर त्याच्या मागे उभा होता, मुंबईला जायचा त्याचा पत्र्याचा डबा घरी भरून ठेवलेला होता. सारा गाव जमला होता. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, आणि मधोमध तात्यासाहेब, हातात सोललेला नारळ, डोक्याला फेटा. मांडवकर पडद्याच्या दोरीपाशी.

धाकूने रूप उचलले. काळे पडलेले रूप आता चकचकीत होते. त्याने ते कपाळाला लावले, देवीच्या शेजारी बसवले आणि जागेवर वळून उभा राहिला. गाऱ्हाण्याची रीत अशी, की गुरव एकेक वाक्य देवीला सांगतो आणि प्रत्येक वाक्याला साऱ्या गावाने एका सुरात ‘होय महाराजा’ म्हणायचे. कोणी गप्प राहिला तर तो गावाच्या मागणीच्या आड आला असे समजतात, आणि पुढे वर्षभर ज्याच्या घरी म्हैस आटली, पोर आजारी पडले, त्याने त्याच्याकडे बोट दाखवावे. त्यामुळे सोनवळात जन्मलेल्या मनुष्याला ‘होय महाराजा’ विचार करून म्हणायची सवयच नसते. ते श्वासाबरोबर बाहेर येते.

धाकूचा आवाज दोन वर्षे बंद होता. पहिला शब्द घोगरा आला, मग सूर लागला.

“बा देवी वाघजाई! बारा वाड्यांच्या मालकिनी, महाराजा!”

“होय महाराजा!”

“आज तुझी सारी लेकरं तुझ्या पायरीशी एक झालीत, महाराजा!”

“होय महाराजा!”

“पीकपानी, गुरंढोरं, लेकीसुना, चाकरमानी, समद्यांची राखन कर, महाराजा!”

“होय महाराजा!”

“आमच्या हातनं काय चुकलंमाकलं, ते पोटात घाल, महाराजा!”

“होय महाराजा!”

इथे नेहमीचे गाऱ्हाणे संपते. तात्यासाहेबांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. पण धाकू वळला नाही.

“तुझं रूप पालखीत बसलं, घरोघर फिरलं, महाराजा!”

“होय महाराजा!”

“शेवटी विचाऱ्यांच्या घरी चिंच लावून धुतलं, महाराजा!”

“होय महाराजा!”

“चार गाठोड्यात बांधली, एक बांधायचं ऱ्हायलं, महाराजा!”

“होय महाराजा!” या होकाराला थोडी धार आली. लोक आता ऐकत होते. पण ताल सुटला नव्हता. तो तोडायचा धीर कोणाला होता?

“पातेल्यासंगट माळ्यावर ग्येलं, महाराजा!”

“होय महाराजा!”

मी तात्यासाहेबांकडे पाहत होतो. त्यांचे ओठ हलले. माझ्या कानांनी ऐकले, त्यांनी म्हटले. लहानपणापासून म्हणत आलेला मनुष्य. वाक्याचा अर्थ डोक्यात पोचायच्या आत ‘होय’ तोंडातून बाहेर पडले होते. ते कळल्यावर त्यांच्या फेट्याखालचा चेहरा त्या दगडासारखाच पांढरा पडला.

“गुरवानं गाठोडं सोडून बगितलं नाय, मानकऱ्याचा मान राखला, महाराजा!”

“होय महाराजा!”

“ह्यात चोर कुनी नाय, महाराजा! गुरवबी नाय, मानकरीबी नाय, महाराजा!”

यावरच्या ‘होय महाराजा’ने सभामंडपाची कौले हादरली असे मी म्हणणार नाही. मी शब्द जपून वापरतो. पण घंटा आपोआप हलकेच वाजली. ‘मानकरीबी नाय’ असे धाकू म्हणाला, तेव्हा पुन्हा एकदा तात्यासाहेबांचे ओठ हलले, आणि या वेळी ते समजून हलले होते, अशी माझी समजूत आहे. त्यांनी नारळ फोडला. चांगला फुटला, दोन सरळ भकले.

मग पडदा. मांडवकरांनी दोरी ओढली आणि कार्यक्रमात लिहिले होते म्हणून खड्या आवाजात वाचले:

“...श्री. तात्यासाहेब विचारे यांनी अथक प्रयत्नांनी परत मिळविले!”

मग बायकांच्या घोळक्यातून एक पिकला आवाज आला, “कुठनं गो?”

आणि सारा गाव, गाऱ्हाण्याच्या त्याच तालात, एका सुरात म्हणाला, “माळ्यावरून!”

“होय महाराजा!” मांडवकर म्हणाले. सवय; दुसरे काय?

तात्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिले. “हे काय चाललंय, शास्त्रीबुवा?”

“पंचमी,” मी म्हणालो. “‘ऊन’ प्रत्यय. आली स्वतःच्या पायांनी.”

तात्यासाहेब वाईट मनुष्य नव्हते. मोठे होते, एवढाच त्यांचा आजार. आठवड्याने ते स्वतः माझ्या पडवीत आले, सुपारी घेतली, इकडचे तिकडचे बोलले आणि मग हळूच म्हणाले, “तो शब्द बदलता येईल का? ‘मिळविले’ खोडून ‘सापडले’. खर्च माझा. मी मतदान वगैरे घेत नाही आता.”

“येईल की. पण धाकूला विचारायला हवं. शब्द त्याचा आहे.”

आम्ही दोघे देवळात गेलो. शंकर समयांना वाती लावत होता. त्याचा पत्र्याचा डबा रिकामा करून त्यात आता देवळाचे तेल ठेवले होते. धाकू त्या दगडाखालीच, भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसला होता. तात्यासाहेबांना पाहून उठला, धोतराच्या सोग्याने जागा पुसली.

“धाकू, तात्यासाहेब तो शब्द बदलायचा म्हणतात,” मी म्हणालो. “तुला हवा होता तो घालायचा.”

धाकूने मान वर करून दगडाकडे पाहिले, मग तात्यासाहेबांकडे.

“नको वो, तात्यासायब,” तो म्हणाला. “ऱ्हाऊ दे तसाच. काल मुंबैचं एक जोडपं आलं व्हतं. बाईनं वाचलं नि म्हनाली, परत मिळवलं? कुनाकडनं वो? मी म्हनलो, बसा वाईच. गोष्ट लांब हाय.”